आठवा पाय

सातच होते. कागद अजून गरम होता आणि विनोदचं बोट काळ्या रेघेवरून एकेक पाय मोजत चाललं होतं — डावीकडचे चार, उजवीकडचे तीन, आणि उजव्या कडेला जिथं चौथा यायला हवा तिथं नुसता पांढरा कागद. आधी त्याला वाटलं, मार्जिनमध्ये कापला गेला असेल. म्हणून त्यानं स्क्रीनवर जाऊन चित्र मोठं केलं, पुन्हा मोजलं… तिथंही सातच. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी माणसानं हा हसरा ऑक्टोपस काढला होता, गोल डोक्याचा, मोठ्या डोळ्यांचा, जगातल्या समस्त पोरांनी फुकट उतरवून घ्यावा, छापावा आणि रंगवावा म्हणून. आणि तो काढताना त्या माणसाला पाय मोजावेसे वाटले नव्हते. अष्टपाद म्हणायचं आणि सात पाय द्यायचे… मग सप्तपाद म्हणा की, कोण अडवतंय.

मागच्या आठवड्यात बालवाडीच्या बाई याच चित्राचा गठ्ठा घेऊन गेल्या होत्या. म्हणजे पाटसच्या निम्म्या पोरांनी सात पाय रंगवले होते, बाईंनी त्यावर चांदण्या दिल्या होत्या, आयांनी फोटो काढून स्टेटसला ठेवले होते, आणि कुणालाही काही वाटलं नव्हतं. बाईंना फोन करून सांगावं का, असा विचार त्याच्या मनात आला. रविवारी सकाळी फोन करून, बाई, तुमच्या ऑक्टोपसला एक पाय कमी आहे… त्याला स्वतःलाच हसू आलं. पण ते हसू फार टिकलं नाही. बायको, मोनाली, घरी असती तर हसली नसती. ती म्हणाली असती, करा की फोन, तुम्हाला त्याबिगर घास उतरणार न्हाई.

दुकानाचं शटर त्यानं अर्धंच उघडलं होतं. बाहेर हायवेवर सोलापूरच्या गाड्या धडधडत जात होत्या. झेरॉक्स, लग्नपत्रिका, ऑनलाइन कामं, प्रोजेक्टची चित्रं, असं सगळं बोर्डावर लिहिलेलं, आणि त्या बोर्डावर एकही चूक नाही. हायवेच्या कडेला चौफुल्यापासून कुरकुंभपर्यंत असा दुसरा बोर्ड दाखवावा कुणी. लोक लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येत तेव्हा त्यातला 'आर्शिवाद' तो न विचारता 'आशीर्वाद' करून टाकी. कुणी तक्रार केली नव्हती. चूक दिसली की ती नीट करायची, यात वाईट काय आहे? मी कुणाला शिवी दिली? हात उचलला? दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही. मोनाली दिवाळीला म्हणून लेकीला, गौतमीला, घेऊन केंदूरला आईकडे गेली आणि आता कांदे निघायला आले तरी परतली नाही, तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी आडून आडून खूप विचारलं, की नेमकं झालं काय? आणि दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्यानं डावीकडचा एक पाय कॉपी केला, उलटा फिरवला, उजवीकडच्या मोकळ्या जागेत आणून जोडला. नीट बसेना. बाकीचे पाय नागमोडी, हा जरा सरळच राहिला, रेघही थोडी जाड झाली, आणि टोकाला, जिथं वळण मोडावं लागलं, तिथं छोटासा गोळा आला. तो गोळा काढायचा त्यानं बराच प्रयत्न केला. शेवटी सोडून दिलं, कारण ऊन वाढायच्या आत निघायचं होतं. पण आठ झाले होते. जाड कागदावर त्यानं दोन प्रती काढल्या, एक गौतमीला आणि एक खराब झालीच तर असावी म्हणून, आणि तेलखडूंच्या नव्या पेटीसोबत पिशवीत घातल्या.

फोनवर मोनाली एवढंच म्हणाली होती, "रविवारी या. पोरीच्या शाळेचं ठरवाय पायजे." इथल्या शाळेत घालायचं की तिथल्या, हा प्रश्न शाळेचा नव्हता हे त्याला कळत होतं. जूनमध्ये गौतमी केंदूरच्या शाळेत बसली की मग मोनालीचं येणं संपलं. मग आपण म्हणजे रविवारी खाऊ घेऊन येणारा एक माणूस. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं काय बोलायचं ते मनात जुळवायला घेतलं. पहिलं वाक्य असं, दुसरं असं, मग तिनं अमुक म्हटलं तर तमुक… पारगावच्या पुलावर येईपर्यंत मजकूर तयार झाला होता, आणि सवयीनं त्यानं तो पुन्हा एकदा वाचून त्यातले दोन शब्द बदललेही.

पुलाखाली भीमेचं पाणी खाली गेलेलं, कडेनं हिरवी जलपर्णी. आणि त्या हिरव्यावरून त्याला एकदम रांगोळी आठवली. हिरवीच होती. गौतमीच्या वाढदिवसाला मोनालीनं सकाळपासून बसून दारात काढलेली, मोराची, आणि मोराच्या पायाशी मोठ्या अक्षरांत नाव — गौतमि. पहिली वेलांटी. पाहुणे यायच्या आत त्यानं वाकून बोटानं ती वेलांटी पुसली आणि चिमटीनं दुसरी ओढली. किती वेळ लागतो त्याला? आणि उठताना म्हणाला, अगदी हळू, तिच्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून इतकं हळू… "आपल्याच लेकीचं नाव आपल्याला येऊ नये?" ती आत जाऊन पुऱ्या लाटायला लागली. ते हळू बोलणंच जास्त लागलं असेल का? मोठ्यानं ओरडलो असतो तर ती भांडली असती, आणि भांडली असती तर कदाचित… पण वेलांटी चुकली होती. ती चुकलीच होती, त्याला मी काय करू.

केंदूरला पोचला तेव्हा सासू, ताईबाई, डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानाकडे निघालेल्या. "जयभीम मामी," तो म्हणाला. "जयभीम पाव्हनं. या, बसा. रानात मान्सं खोळंबल्यात," म्हणून त्या निघूनही गेल्या. मुद्दामच गेल्या असाव्यात. अंगणात लिंबाखाली कांद्याचा ढीग पडला होता आणि मोनाली ढिगाशी बसून विळ्यानं एकेका कांद्याची पात छाटत होती. पात बाजूला, कांदा टोपलीत. तिनं मान वर करून पाहिलं. वाळली होती. की उन्हानं तसं दिसत असेल?

"पानी घ्या," ती म्हणाली. "आत माठात हाय."

गौतमीनं पिशवी ओढून घेतली, खडूंची पेटी छातीशी धरली, कागद ओट्यावर पसरला. हा ऑक्टोपस, हा समुद्रात असतो, याला आठ पाय असतात, मोज बरं — असं सगळं तो सांगणार होता. पण आधी पाणी पिऊन यावं म्हणून आत गेला. माठाजवळ उभा राहून त्यानं पहिलं वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. होतं. तांब्या पालथा घालायला गेला आणि पाहिलं तर सगळी भांडी उताणीच ठेवलेली. क्षणभर हात थबकला, मग त्यानंही तांब्या उताणाच ठेवला.

बाहेर आला तेव्हा गौतमी कागदावर ओणवी झाली होती आणि कागद उलटा होता.

डोकं खाली, पाय वर. डोक्यावर गुलाबी खडू जोर देऊन फिरत होता, आणि पायांना, वर आभाळाकडे गेलेल्या त्या सगळ्या पायांना तिनं हिरवा रंग द्यायला सुरुवात केली होती. विनोदचा हात आपोआप पुढं गेला. कागदाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. ट्रेमध्ये कागद उलटा पडला की जसा जातो तसा, विचार न करता. "अगं ते उल…"

विळ्याचा आवाज थांबला होता. त्यानं मोनालीकडे पाहिलं नाही. तरी ती आपल्या हाताकडे बघतेय हे त्याला कळलं, मानेवर ऊन कळावं तसं. हात कोपऱ्यावर होता. नुसता कागद फिरवायचा होता, त्यात काय… त्यानं कोपऱ्यावरची नसलेली धूळ झटकली आणि हात मागे घेतला.

"काय काढलंयस?" त्यानं विचारलं.

"कांदा," गौतमी म्हणाली, हे काय विचारणं झालं अशा आवाजात.

कांदाच होता. गोल गुलाबी, खाली निमुळता, वर हिरवी पात फाकलेली. सकाळपासून तासभर त्या चित्राकडे बघून आपल्याला जे दिसलं नाही ते… डोळ्यांवर तिनं तपकिरी खडू फासला होता. "आणि हे?" त्यानं विचारलं.

"माती लागलीया त्येला. आत्ता उपटलाय."

पुन्हा विळा सुरू झाला. सावकाश. विनोद ओट्यावर टेकला. तिनं पायांवरून खडू फिरवताना एकही पाय मोजला नाही, सात असते तरी चाललं असतं, पाच असते तरी. शेवटचा एक पाय मात्र तिनं रंगवला नाही. त्याच्यापाशी येऊन थांबली, बघत राहिली. तो सकाळचा, जाड रेघेचा. सरळ उभा, टोकाला गोळा.

"ही पात राहिली की," तो म्हणाला.

"ही पात न्हाई. ह्यो डेंगळा हाय." तिनं ढिगातून एक कांदा उपसून त्याच्यासमोर धरला. पातीच्या मधून जाडजूड पोकळ दांडा वर गेलेला, त्याच्या टोकाला फुलाचा पांढरट गोंडा. हुबेहूब. "डेंगळा आला की त्यो कांदा चाळीत ठिवायचा न्हाई. आज्जी म्हनती, त्यो नासतो. आन् त्येच्यापायी बाकीचंबी नासत्यात."

पोर आहे, आजीचं ऐकून बोलते. तरी त्याला ते लागलं, सरळ आत जाऊन लागलं. सगळे पाय आपापले वळत होते, वाकत होते, त्यांत हा एकटा ताठ. नीट करायला म्हणून बसवलेला. कुणी मागितला नव्हता. मघा पुलावर तयार केलेलं पहिलं वाक्य त्यानं शोधलं, सापडेना. दुसरंही नाही. जे दोन शब्द बदलले होते तेवढे मात्र आठवत होते, आणि ते कशातले हे आठवत नव्हतं.

"मग काय करतात त्याचं?" त्यानं विचारलं. विचारलं गौतमीला, पण ती खडू निवडण्यात गुंगली होती. "टाकून देतात?"

"टाकत न्हाईत काय," मोनाली म्हणाली. तिची नजर विळ्यावर होती. "घरी खायाला घेत्यात. टिकत न्हाई, येवढंच."

कांद्याबद्दलच बोलली ना ही? तिचा चेहरा खाली होता, डोळे पुसल्यासारखे तिनं दंडानं पुसले, पण कांद्याच्या ढिगाशी बसलेल्या बाईनं डोळे पुसले तर त्यातून काय काढायचं. माणसाला कळावं असं काहीच नसतं कधी. छापलेलं असतं तर मी एका नजरेत सांगितलं असतं.

गौतमीनं डेंगळा जांभळा केला. मग काळा खडू घेऊन कागदाच्या खाली, म्हणजे सुलट धरला तर ऑक्टोपसच्या डोक्याच्याही वर, एकेक अक्षर जीभ बाहेर काढून लिहायला लागली. ग. त्याला काना आणि दोन मात्रा. त. मग म, आणि मच्या आधी एक उभी रेघ, वरून वळवून मच्या डोक्यावर आणलेली.

गौतमि.

विनोदनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. लहानपणी शाळेत मारकुटे गुरुजी आले की पोरं घेत तसे. बोटं खरंच वळवळत होती. चूक आहे, चूक आहे, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि गंमत अशी की त्याला त्या क्षणी पोरीला जवळ घेऊन रडावंसं वाटत होतं, आणि तरीही चूक आहे, हे थांबत नव्हतं. माया आणि वेलांटी एकाच वेळी. आपण आता गप्प बसलो, ते कशानं? प्रेमानं की भीतीनं? भीतीनं असेल तर किती दिवस टिकेल…

"छान लिहिलंय," तो म्हणाला.

"चुकलंय ते," मोनाली म्हणाली.

त्यानं मान वर केली. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, विळा मांडीवर आडवा.

"दुसरी पायजे. ठावं हाय मला." तिनं विळ्याला चिकटलेली पात पुसली. "तवाबी ठावं व्हतं. पुसून नीट करनारच व्हते, हात पिठाचा व्हता. तुम्ही थांबला न्हाईत."

लिंबाची पानं अंगणभर गळत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्यासारखं एवढंच होतं की मला माहीत नव्हतं. चूक कुठं आहे हे मला नेहमीच माहीत असतं, पण ती करणाऱ्याला ती माहीत आहे की नाही, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. हे वाक्य बरोबर होतं.

"मग… हिचं?" त्यानं कागदाकडे बोट केलं.

"शिकंल की शाळंत," मोनाली म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.

कुठल्या शाळेत, ते ती म्हणाली नाही. आणि त्याला विचारता आलं असतं, त्याच्यासाठीच तर तो इतक्या लांबून आला होता, पण तो उठला, दुसरा विळा दिसला तो घेऊन ढिगाच्या या बाजूला बसला. पात नेमकी कुठून छाटायची हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिला कांदा त्यानं फार जवळून कापला. गर उघडा पडला. मोनालीनं पाहिलं. आता ती सांगेल म्हणून तो वाट बघत राहिला, सांगावं असं त्याला फार वाटलं. तिनं तो कांदा त्याच्या हातातून घेतला, घरी खायच्या वेगळ्या ढिगात ठेवला, आणि काही म्हणाली नाही. ते न म्हणणं कसलं, हे ओळखायचा प्रयत्न करत त्यानं दुसरा कांदा घेतला.