मधल्या नळाचं पाणी

"पाणीच आहे हे, आई. कसला वास येणार पाण्याला?" मावशींनी आणलेल्या बाटलीला नाक लावून त्यांचा मुलगा म्हणाला. त्याचं तरी काय ऐकायचं? ज्याला स्वतःच्या मोज्यांचा वास येत नाही, तो काय सांगणार!

तेवढ्यात सूनबाई आतून आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! थिनर कुणी उघडलंय? शी! बंद करा आधी ते!" तोंडावर हात दाबून ती बेसिनकडे पळाली. सातवा महिना चालू होता. बिचारीला साबणाचासुद्धा वास सहन होत नव्हता.

"म्हणजे येतोय वास," मावशी पुटपुटल्या आणि त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तर भानगड अशी होती. वस्तीबाहेर रंगाचा एक जुना कारखाना होता. तो बंद पडला, पण जाता जाता विहिरींच्या पाण्याला थिनरचा वास लावून गेला. म्हणून पंपघरात दोन उंच लोखंडी टाक्या बसवल्या. त्यांत दाणेदार कोळसा भरलेला. साधा चुलीतला नव्हे, मुद्दाम तयार केलेला. पाणी एका टाकीतून दुसरीत जातं आणि वास कोळशाला चिकटून मागे राहतो. पण कोळशाचंही पोट कधीतरी भरतंच. म्हणून दोन टाक्यांच्या मधल्या नळाचं पाणी रोज बरणीत घ्यायचं, झाकण लावून हलवायचं आणि हुंगायचं. वास आला, की पहिल्या टाकीतला कोळसा बदलायचा, नवा धुऊन घ्यायचा. तोवर दुसरी टाकी राखणीला असतेच. प्रयोगशाळेचा अहवाल येतो, पण सावकाश. रोजचा भरवसा मावशींच्या नाकावर.

आणि ते नाक तापानंतर गेलं होतं. पार गेलं. आज येईल, उद्या येईल म्हणत मावशी गप्प राहिल्या. रोज ऐटीत बरणी उघडायच्या, हुंगायच्या आणि म्हणायच्या, "साफ!" कोण शंका घेणार? पंपवाला तर त्यांना 'नाकवाली मावशी' म्हणायचा. एवढा मान मिळालेला, तो आपल्याच तोंडानं कसा घालवायचा? पण मन खात होतं, म्हणून आज त्याच नळाचं पाणी बाटलीत भरून त्यांनी गुपचूप घरी आणलं होतं.

"आई, तुम्हाला वासच येत नाही ना?" तोंड पुसत सूनबाईनं विचारलं. "परवा दूध करपलं, तुम्ही शेजारीच उभ्या होतात. मला वाटलं, तुमचं लक्ष नव्हतं."

मावशींनी मान खाली घातली.

"कुणाला बोलू नकोस," मुलगा म्हणाला. "काढून टाकतील तुला. उद्या सांग, आज वास आला म्हणून. झालं!"

सोपं होतं ते. पण वास कधीपासून येतोय, हे कुणाला ठाऊक? दुसऱ्या टाकीचंही पोट भरलं असेल तर? तिथून पाणी थेट घराघरात जात होतं. समोर ही पोटुशी पोर तेच पाणी पीत होती. मावशींनी चप्पल पायात सरकवली आणि तडक पंपघर गाठलं.

पंपघरातल्या इंजिनिअरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "पंप बंद करा!" त्या ओरडल्या. मग दुसऱ्या टाकीच्या पुढचं पाणी बरणीत घेतलं. पंपवाल्यानं हुंगलं. बाईंनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. मावशी श्वास रोखून दोघांची तोंडं बघत उभ्या होत्या.

"साफ आहे," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत पाठवूच. पण दुसऱ्या टाकीनं लाज राखली म्हणायची." मग त्यांचा आवाज चढला. "नाक गेलं म्हणून कुणी रागावलं असतं का हो मावशी? लपवलंत का?"

"चुकलं बाई. काढा मला."

"तुम्हाला काढलं तर कोळसा कोण धुणार? याला सांगितलं तर अर्धा गटारात घालवेल." पंपवाला ओशाळून हसला. "पण बरणीला आता हात लावायचा नाही. यापुढे रोज दोघांनी हुंगायचं, एकट्यावर विसंबायचं नाही."

बरोबरच होतं ते. तरी मावशी टाकीच्या मागे जाऊन रडल्या. मग डोळे पुसून बाह्या सरसावून आल्या. नवा कोळसा भिजवला, खालून वर सोडलेल्या उलट्या धारेनं धुतला. आधी शाईसारखं काळं पाणी आलं, मग करडं, मग नितळ. तेव्हाच त्यांनी टाकीला नळी जोडू दिली. पंपवाल्यानं घाई केली तर म्हणाल्या, "थांब रे, गाडी का सुटायचीय तुझी?" ते ऐकून पंपवाल्याला बरं वाटलं. मावशी पहिल्यासारख्या खेकसायला लागल्या होत्या.

पुढे यथावकाश नात झाली. ती घरी आली, तेव्हा मावशींनी तिला उराशी धरलं आणि टाळूवर नाक टेकवलं. काहीच नाही. बरणी गेली ते त्यांनी सोसलं होतं, हे मात्र सोसेना. डोळे भरून आले.

सूनबाईनं पाहिलं. "द्या इकडे, आई." तिनं बाळाच्या टाळूत नाक खुपसलं आणि मोठा श्वास घेतला. डोळे आपोआप मिटले, दमलेला चेहरा सैलावला, ओठांवर हसू पसरलं.

"कसा येतो गं?"

"सांगते हं... म्हणजे असा..." ती शब्द शोधत राहिली.

मावशी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. "राहू दे सांगणं," त्या म्हणाल्या. "अजून एकदा घे बरं."