कोयत्याएवढी खिडकी

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. खरं सांगायचं तर होते. आता निम्मीच उरले आहे. दिंद्रुडच्या बाजूला एका वस्तीवरच्या नव्याकोऱ्या घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला मला बसवलं आहे. घर बघायला आलेली माणसं म्हणतात, "खिडकी झ्याक झाली!" मित्रांनो, असं कुणी म्हणालं की माझं अंग तापतं.

जुन्या घराच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या दोन हात जाड होत्या. तिथल्या खिडकीत मी ऐसपैस पसरलेली असे. माझ्यावर कधी हरभऱ्याचं डालगं असे, कधी मांजर. पण दोन वर्षांपूर्वी ऊस भरताना गाडीचं चाक घरातल्या पोरीच्या, धनश्रीच्या पायावरून गेलं आणि तेव्हापासून ती जागा तिचीच झाली. तिचा गुडघा वाकत नाही. जमिनीवर मांडी घालता येत नाही, खुर्चीत बसलं तर पाय लोंबतो आणि ठणकतो. माझ्यावर मात्र ती पाय लांब करून, भिंतीला पाठ टेकून तासन्‌तास बसे. आईबाप सहा महिने ऊसतोडीला गेले, की तिथूनच वाट बघत अभ्यास करी. मला तिचा फार लळा होता, हे मी लपवत नाही.

मग घर पाडून नवं बांधायचं ठरलं. तिची आई मनिषा जाताना म्हणाली, "तुझी खिडकी हाय तशीच ठिवायला सांगते, बाळा." आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. बांधकाम बघायला धाकटा चुलता बजरंग राहिला.

नवी भिंत सहा इंची. तेव्हा फरशी भिंतीतून खोलीत किती पुढं घ्यायची, असं आश्रुबा गवंड्यानं विचारलं. बजरंगनं मनिषाला फोन लावला.

"कोयत्याएवढी घ्या, भावजी. जाताना म्या कोयता लावून बघितलाय. ठिवते आता, गाडी भरायची हाय."

कोयत्याएवढी कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही. घरात सगळ्यांना ते ठाऊकच आहे, असं तिनं धरलं.

बजरंग कोयता शोधू लागला. चांगले कोयते माणसांबरोबर फडात जातात. घरी राहतात ते मोडके. पत्र्याखालच्या आडव्या लाकडात खोचलेला एक सापडला. मूठ गेलेली, टोक तुटलेलं, पातं घासून घासून झिजलेलं. तोच त्यानं माझ्यावर ठेवला.

आश्रुबा म्हणाला, "एवढुशीच व्हय?"

"वहिनीनं कोयत्याएवढीच म्हणलंय. बरंच हाय की, शेजारी कपाट नीट बसंल."

धनश्री चौकटीला धरून तिथंच उभी होती. हळूच म्हणाली, "काका, आईचा कोयता लई लांब हाय."

"तुला काय कळतंय गं मापातलं?"

आश्रुबानं फरशी कापायचं मशीन सुरू केलं. माझा चुरा तिच्या पायांवर उडाला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्या दिवशी आम्हा दोघींनाच कळलं.

उन्हाळ्यात मनिषा परत आली. गाठोडं उंबऱ्यात टाकलं, पाणीसुद्धा न पिता खिडकीपाशी आली आणि आपला कोयता माझ्यावर आडवा ठेवला. निम्मा कोयता बाहेर लोंबला.

"भावजी, कंचा कोयता लावलाता?"

बजरंगनं मोडका आणून दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो तर मीच टाकून गेलते," एवढंच म्हणाली. जिचा दोष नव्हता, तिनंच तो डोक्यावर घेतला. बजरंग म्हणाला, दुसरी फरशी आणू. वरातीमागून घोडं! ते घोडंही अजून आलेलं नाही. माझा कापलेला तुकडा मोरीत पडला आहे. त्याच्यावर कपडे आपटतात.

मित्रांनो, खिडकीत फरशी केवढी घ्यावी, हे गवंड्याला विचारू नका, कपाटाला विचारू नका, फोनवर तर मुळीच विचारू नका. जिला तिथं बसायचं आहे, ती तुमच्यासमोर उभी असते. तिला आधी बसवून बघा. त्याला अर्धं मिनिट लागतं. मला जोडायला आता जन्म पुरणार नाही.

यंदाही दिवाळी झाली, टोळी निघाली. धनश्री एका पायावर भार देऊन खिडकीत उभी राहिली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिची कोपरं माझ्यावर टेकलेली होती. तेवढ्यालाच मी पुरते.