सोमलाच्या पाण्यावर जगलेला मी

मित्रांनो, मी एक फार जुना जनुक आहे. मला चेहरा नाही. अँडीजच्या उंच पठारावरील माणसांच्या पेशीपेशीत मी वेटोळे घालून स्वप्न पाहत पडलेला असतो. यकृतात मात्र मी जागा असतो.

येथल्या झऱ्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, विरघळलेले आहे. ते दिसत नाही, त्याला चव नाही. माझ्या सांगण्यावरून यकृत त्या विषाचे रूप पालटते आणि ते लघवीवाटे लवकर निघून जाते.

कुठल्याशा पूर्वजाच्या शरीरात माझी नक्कल उतरताना एक अक्षर चुकले आणि मला हे रूप आले. ज्यांच्यात मी असा नव्हतो, त्यांची बाळे फार जगत नसत. ज्यांच्यात होतो, ती मोठी होऊन आईबाप होत. हजारो वर्षे असेच चालले. मी शूर नव्हतो, जगणाऱ्यांबरोबर पुढे सरकलो, एवढेच. हळूहळू गावभर मीच झालो आणि लोक विषाला विसरले.

येथे नवी सून आली की तिला झऱ्यावर नेतात. धरतीआईला चार थेंब वाहून ती भरला वाडगा एका दमात पिते. मग ती गावची. खालच्या मैदानातून आलेली देल्फिनाही प्यायली, आणि मग रोजच पीत राहिली. तिच्यात मी नव्हतो. चौथ्या वर्षी तिचे तळवे खरखरीत झाले, अंगावर काळे ठिपके उठले. तेव्हा ती गरोदर होती. हे पाण्यामुळेच झाले, असे ती म्हणाली.

"आमच्या पाण्याला नावं ठेवतेस?" सासू कासिल्दा कडाडली. "माझी आजी नव्वदीपर्यंत हेच प्यायली. शेळ्या हाकताहाकता गेली!"

"त्यांचं पोट दगडाचं असेल, आई. माझं नाही."

"मैदानातल्या पोरी! वारा लागला तरी अंथरूण धरतात."

पाणी तपासायला घेऊन गेलेली दवाखान्यातली नर्स परत आली. "मावशी, तुम्हाला हे पिढ्यान् पिढ्या पचतंय. हिला नाही पचत. हिला आणि पोटातल्या बाळाला हे विष आहे."

कासिल्दाने सुनेचे तळवे हातात घेतले. "म्हणजे मीच पाजलं की गं तुला."

दुसऱ्या दिवसापासून ती गाढवावर कॅन लादून वितळत्या बर्फाच्या, विष नसलेल्या ओढ्यापर्यंत चढू लागली.

"सुनेची मोलकरीण झालीस का गं?" शेजारीण हसली.

"झाले. तुझीही सून खालचीच आहे ना? उद्या गाढव घेऊन ये."

देल्फिनाचे डाग राहिले, पण वाढले नाहीत. मुलगी सुखरूप झाली. बापाकडून मी तिच्यात उतरलो आहे. तरी आजी तिलाही ओढ्याचेच पाणी पाजते.

मित्रांनो, आपल्याला पचते ते दारी आलेल्यालाही पचेल, असे धरून चालू नका. या गावाला वाचवायला मला हजारो वर्षे लागली आणि कितीतरी लेकरे गेली. कासिल्दाला एक चढण पुरली.