खालच्या दोन दाढा

देठ होता की नव्हता... पट्ट्यावरून सरकत गेलेला तो हिरवट दाणा सबीनाने पाहिला होता, बोटं त्याच्याकडे वळलीही होती, पण उचलायच्या आत मन शाळेत जाऊन पोहोचलं आणि दाणा पुढे गेला. पलीकडे बसलेल्या अंबूबाईने तो टिपला, देठ मोडून बाजूला टाकला आणि एकदा सबीनाकडे पाहिलं. सकाळपासून हे चौथ्यांदा झालं. कुपवाडच्या त्या बेदाण्याच्या शेडमध्ये सबीनाच्या बोटांचं नाव होतं, तिच्या हाताखालून काडी सुटत नाही असं मुकादमसुद्धा म्हणायचा, आणि आज त्याच बोटांना काय धाड भरली होती कोण जाणे.

"रोजा लागला काय गं?" अंबूबाईने विचारलं. "पाण्याबिगर दिसभर... आमाला तर एकादशी बी झेपत न्हाई."

"न्हाई मावशी. सवय हाय."

सवय होतीच. घरात सगळ्यांचा आज सोळावा रोजा होता. फक्त अर्शियाचा पहिला होता. सात वर्षांच्या अर्शियाचा, आयुष्यातला पहिला. पहाटे सहेरीला उठवायच्या आधीच ती पोर अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडली होती, कुणी आपल्याला झोपेत सोडून जेवून घेईल म्हणून. मुजीबने तर उजाडायच्या आत हिरव्या फ्रॉकमधला तिचा फोटो स्टेटसला लावून टाकला होता, ‘माझ्या लेकीचा पहिला रोजा, दुआ करा’. रोजा पुरा व्हायला अजून अख्खा दिवस पडलेला, पण बापाला दम कुठला? रहिमतपूरहून सबीनाचे भाऊ आणि भावजया यायच्या होत्या, हार सांगून ठेवला होता, सासूबाईंनी शेजारच्या चार घरांत स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. आणि अर्शियाच्या दप्तरात, मराठीच्या पुस्तकात घडी घालून, एक फॉर्म होता. त्यावर सबीनाची सही होती. घरात कुणालाही माहीत नसलेली सही.

‘माझ्या पाल्याच्या कायमच्या दाढांवर संरक्षक थर बसवण्यास माझी संमती आहे.’

सही केली तेव्हा तारीख ठरलेली नव्हती. ती कळली काल संध्याकाळी, शाळेच्या ग्रुपवर... दातांचे डॉक्टर उद्या शुक्रवारी येणार. उद्या! महिन्यात तीस दिवस, आणि त्यांना नेमका हाच सापडला. सबीनाने मेसेज दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसली. तेव्हाच सांगता आलं असतं. मुजीब समोरच बसला होता, सासूबाई खजुराचा डबा उघडत होत्या... पण सांगायचं म्हणजे आधी फॉर्मचं सांगायला हवं होतं, आणि फॉर्मचं सांगायचं म्हणजे मतीनचं.

मतीनचं म्हणजे काय? मतीनचं सगळ्यांनाच माहीत होतं. मतीन, तिचा थोरला, आता बारा वर्षांचा आहे, डाव्या बाजूला खाली, जिथे मोठी दाढ असायला हवी तिथे नुसती हिरडी आहे, आणि तो सगळं उजवीकडून चावतो. तीन वर्षांपूर्वी गाल सुजला, ताप आला, मिरजेला न्यावं लागलं. त्याच्या आधी दोन वर्षं तो ‘दुखतंय’ म्हणत होता आणि अख्तरबी, त्याची दादी, लवंग धरायला लावत होती. "दुधाचा दात हाय, पडंल आपसूक. पडणाऱ्या दाताला कशाला दवाखाना?" आणि मिरजेतल्या डॉक्टरने काढलेली दाढ ट्रेमध्ये ठेवत म्हटलं होतं, "ही दुधाची नव्हती. आता इथे दुसरी येणार नाही."

त्या दिवसापासून सबीनाने एक गोष्ट मनात नीट घडी घालून ठेवली होती... सासूबाईंमुळे. बोलून दाखवली नाही कधी. पण स्वयंपाक करताना, मतीन मान वाकडी करून चावताना, ती घडी उघडून पाहायची आणि परत ठेवून द्यायची. बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. कारण त्या घडीखाली आणखी एक होतं, जे ती उघडत नव्हती. शाळेला जाताना पोराच्या खिशात मूठभर बेदाणे कोण भरत होतं? पट्ट्यावरून आणलेले, चिकट, गोड, पौष्टिक म्हणून... रोज, दोन वर्षं. आणि एकदा गुपचूप मी मतीनचा हात धरून वसंतदादांच्या पुतळ्यापर्यंत, दवाखान्याच्या दिशेने गेले होते की. मग मागे फिरले, घरी काय सांगायचं म्हणून. तेव्हा माझ्या पायात कुणी बेडी घातली होती?

"अगं, लक्ष कुठाय?" अंबूबाई म्हणाली. पाचवा दाणा.

गेल्या महिन्यात शाळेत पालकांना बोलावलं होतं. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून एक तरुण बाई होती, हातात प्लास्टिकचा मोठा जबडा घेऊन उभी. सहाव्या वर्षी एक दाढ येते, ती म्हणाली, सगळ्या दातांच्या मागून, कुठलाही दात न पडता. म्हणून आयांना वाटतं दुधाचीच आहे. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात ब्रशचा केससुद्धा शिरत नाही, अन्न मात्र शिरतं. कीड लागायच्या आत त्या खाचा बुजवल्या की झालं. टोचत नाही, दुखत नाही, सुई नाही. सगळ्या आया मान डोलावत होत्या. सबीनाला मात्र मतीनची रिकामी हिरडी दिसत होती. म्हणजे हे इतकंच होतं... पाच मिनिटांचं काम. मग डॉक्टरने अर्शियाचं तोंड पाहिलं, आरसा घालून, आणि म्हणाली, "खालच्या दोन्ही आल्यात. खाचेत रेघ काळसर व्हायला लागलीय, पण अजून वेळ गेलेली नाही. या वेळी करून घ्या. पुढच्या वर्षी सांगता येणार नाही." सबीनाने तिथेच, बाकावर टेकवून, सही केली; फॉर्म डॉक्टर येतील त्या दिवशी पोरीबरोबर द्यायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता.

पण सही करणं निराळं आणि सांगणं निराळं. सासूबाईंचं ठरलेलंच होतं, "बऱ्या दाताला औशिद कशापायी?" आणि आता तर वर रोजा. सकाळी त्या म्हणाल्या, पोरीला आज शाळेत धाडू नगा, निजू दे दुपारभर. आणि सबीनाच्या तोंडून निघून गेलं, "आज चाचणी हाय, अम्मा." चाचणी नव्हती. रोज्यात, पोरीच्या पहिल्या रोज्याच्या सकाळी, ती धडधडीत खोटं बोलली. मग अख्तरबीने दारात अर्शियाची ओढणी सारखी केली आणि बजावलं, "कुणी पाणी दिलं तर घ्यायचं न्हाई. तोंड मिटून बसायचं. कळलं?" अर्शियाने मान हलवली. रिक्षात चढता चढता ती सबीनाच्या कानाशी आली.

"अम्मी, आज दातांच्या डॉक्टर येणारेत. तोंड उघडायचं का?"

आणि सबीना म्हणाली, "बघ... बाई म्हणतील तसं."

त्यावरही पोरीने मान हलवली. दोघींनाही तिने सारखीच मान हलवली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लहान पोरांवर रोजा फर्ज नसतो, हे सबीनाला ठाऊक होतं. गिळलं नाही तर औषधाने रोजा जात नाही, हेही तिने कुठेतरी ऐकलं होतं. पण तोंडात पाण्याचा फवारा मारणार, आंबट औषध लावणार, सात वर्षांचं पोर काय काय आवरणार? एक घोट गेला तर? पोर रडत घरी येईल आणि समोर हार घेऊन माणसं उभी. आणि तिने तोंड उघडलंच नाही तर? मग ईदनंतर नेऊ, सुट्टीत नेऊ, सवडीने नेऊ... हे ‘नेऊ’ सबीनाला चांगलं ओळखीचं होतं. त्याने मतीनची एक दाढ खाल्ली होती.

एक वाजता शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली. फोन बाहेर कपाटात ठेवावे लागत. सबीनाने फोन हातात घेतला तर शाळेचे दोन कॉल येऊन गेलेले, बारा दहाला आणि बारा चौदाला. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेली आणि वर्गशिक्षिकेला फोन लावला.

"हां, अर्शियाच्या मम्मी," सोनिया मॅडम म्हणाल्या. "झालं सगळं, काळजी नको. खालच्या दोन्ही झाल्या. फोन यासाठी केला होता, की ती तोंडच उघडेना. दात आवळून बसली. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं... मग हळूच म्हणाली, माझा रोजा आहे. तुम्ही फोन उचलला नाही. म्हणून मी तिला फॉर्म दाखवला, म्हटलं बघ, मम्मीची सही आहे. तिने सहीवर बोट ठेवून बघितलं बराच वेळ. आणि उघडलं की तोंड."

"पाणी... गिळलं का तिनं?"

"नळीने ओढून घेतलं हो सगळं. नंतर मात्र ती खिडकीपाशी जाऊन थुंकतच होती. अर्धा तास. थुंकी गिळेचना. ओठ सुकले पोरीचे. खरं तर तुम्ही दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या. चौथीतल्या दोघांच्या घरून चिठ्ठी आली होती, रोजा आहे म्हणून. डॉक्टरांनी त्यांना ईदनंतर त्यांच्या दातांच्या कॉलेजात यायची तारीख दिली लगेच. काही अडचण नव्हती."

काही अडचण नव्हती. फोन बंद झाल्यावरही ते शब्द कानात राहिले. दोन ओळी... तेवढंच. वहीचा कागद, पेन्सिल असती तरी चाललं असतं. दोन्ही पदरात पडलं असतं, रोजाही आणि दाढही. पण त्या दोन ओळी लिहायच्या तर अर्शियाने त्या बापाला दाखवल्या असत्या, बापाने दादीला... म्हणून तिने सगळं ओझं उचलून सात वर्षांच्या तोंडात ठेवलं आणि स्वतः बेदाणे निवडायला आली. मतीनच्या वेळी निदान लवंग धरायला लावणारी कुणीतरी होती. आज कुणीच नव्हतं. आज सासूबाईंचं नाव घेता येत नव्हतं.

सबीना रडली नाही. तिला स्वतःचा राग आला, आणि राग इतका कोरडा होता की दुपारभर तिच्या हातून एकही काडी सुटली नाही.

साडेपाचला घरी पोहोचली तेव्हा रहिमतपूरची माणसं आली होती, ओसरीत सतरंजी अंथरली होती. अर्शिया हिरव्या फ्रॉकमध्ये, गळ्यात हार, भिंतीला टेकून बसलेली. ओठ पांढरे. सबीनाला बघून ती उठली आणि तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात आली.

"अम्मी, ते आंबट होतं."

"हां?"

"मी सगळं थुंकलं. पण... एकदा असं झालं," तिने गळ्याला हात लावला. "आपोआप झालं. रोजा गेला का?"

"न्हाई गं. आपोआप झालं तर न्हाई जात." हे बरोबर होतं की नाही, सबीनाला माहीत नव्हतं. तिने गुडघ्यावर बसून म्हटलं, "आ कर बघू."

अर्शियाने आ केला. मागे, खाली, दोन्हीकडे, दाढांवर पांढुरका गुळगुळीत थर. काळी रेघ दिसत नव्हती. सबीनाला इतका आनंद झाला की तिला त्या आनंदाचीच लाज वाटली.

"दादीला सांगू?" अर्शियाने विचारलं.

आता बोलायचं होतं. सांग, किंवा नको सांगूस, किंवा मी सांगते. तिन्हीपैकी काहीही. सबीनाने हारात अडकलेली तिची ओढणी सोडवली, डोक्यावर नीट घेतली आणि भज्यांच्या कढईकडे वळली. चोराच्या मनात चांदणं. तेल तापलं की नाही तेही तिला कळेना.

अजानला दहा मिनिटं उरली तेव्हा सगळे दस्तरख्वानाच्या कापडाभोवती बसले. अख्तरबीने प्रत्येकाच्या हातावर खजूर ठेवला. मतीनचा तेवढा चिरून, बी काढून, मऊ भाग बघून ठेवला. रोजच ठेवत होती, तीन वर्षं. ते का, हा विचार सबीनाच्या मनात आज पहिल्यांदा आला. म्हातारीने कधी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, पण तीही काहीतरी घडी घालून बसली होती तर.

मग अख्तरबीने अर्शियाला मांडीजवळ ओढलं, तिच्या सुकल्या ओठांवरून अंगठा फिरवला.

"लय भोगलं माझ्या बाईनं. कुणी पाणी न्हाई न्हवं दिलं शाळंत? तोंडात काय गेलं न्हाई न्हवं?"

मुजीबने फोन वर धरला होता. भावजया हसत होत्या. अर्शियाने दादीकडे पाहिलं नाही, सबीनाकडे पाहिलं. अगदी क्षणभर. आणि मग खाली बघत, दस्तरख्वानाची कड बोटाने सारखी करत म्हणाली,

"न्हाई दादी. चाचणी होती."

माशाल्ला, माशाल्ला झालं. कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सबीनाचा हात भज्यांच्या ताटावर तसाच राहिला. तो आवाज ती ओळखत होती. तीच खाली घातलेली मान, बोटांना लावलेलं तेच खोटं काम, आणि चाचणी हा शब्दसुद्धा तिचाच. म्हणजे सकाळी पोर दारात उभी होती तेव्हा तिने ऐकलं होतं, आणि जपून ठेवलं होतं, अम्मीच्या उपयोगी पडेल म्हणून.

दाढा दोन वाचल्या. मी वाचवल्या. आणि...

मशिदीच्या भोंग्यात खरखर सुरू झाली. अजून तीन-चार मिनिटं असतील. आता ‘अम्मा, मी सांगते’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं तर हार घातलेल्या पोरीचा पहिला रोजा सगळ्यांच्या देखत खोटा ठरणार होता. नाही म्हटलं तर ते खोटं तसंच गिळायला ती पोरीला लावणार होती. सबीनाला सासूबाईंची भीती वाटत होती का? तिने पाहिलं, चाचपून पाहिलं... नव्हती वाटत. इतकी वर्षं होती ती भीती कधी गेली ते कळलंच नव्हतं. आता भीती वाटत होती ती समोरच्या त्या सात वर्षांच्या मुलीची, जी खजूर हातात धरून, ओठ घट्ट मिटून, आईचं तोंड उघडतं का ते बघत होती.