घरचाच कोच

तिने रबरी हातोडीने रंगाच्या डब्याचं झाकण इतक्या जोरात ठोकलं, की शेजारच्या टेबलावरची शेडकार्डं खाली पडली.

"जरा सांभाळून," दारातून मालक म्हणाले. "आमच्या साडूंना भेटलात ना? उद्यापासून तेच तुमचे कोच."

रंगाच्या त्या कारखान्याची प्रमुख म्हणून तिला नुकतंच नेमलं होतं, तेही चाचणीवर. वर्षअखेरपर्यंत जमलं नाही, तर पुन्हा शेड जुळवायच्या टेबलावर. रंगाची नजर तिच्याइतकी कुणाची नव्हती. माणसांपुढे मात्र तिची बोबडी वळायची. मिक्सिंगच्या मिस्त्रींपुढे तर फारच. तिला काम शिकवलं त्यांनी, आणि आता त्यांच्या चुका दाखवायच्या तिने. म्हणून माणसांशी कसं बोलायचं ते शिकवणारा कोच तिनेच मागितला होता. चार ठिकाणी चौकशी करून एक बाई शोधल्या होत्या. रीतसर शिकलेल्या, अनुभवी कोचच्या हाताखाली काम केलेल्या. काही वावगं घडलंच, तर दाद मागायला त्यांच्या डोक्यावर संस्था होती. शिवाय बाईंनी पहिल्याच भेटीत करार पुढे ठेवला होता, इथे बोललेलं इथेच राहील.

"म्हणजे पैसे मी द्यायचे आणि मला काही कळायचंच नाही?" मालक म्हणाले होते. "घरचा माणूस असताना परक्या बाईला कशाला विचारायचं?"

घरच्या माणसाने जन्मभर फ्रीज विकले होते.

"साहेब, पण त्यांनी याचं शिक्षण कुठं घेतलंय?" कार्डं गोळा करत तिने विचारलं.

"प्रमाणपत्र आहे की. फ्रेम करून लावलंय."

ते तिने पाहिलं होतं. शनिवार-रविवारच्या शिबिराला हजर राहिल्याबद्दल. हजर राहिल्याबद्दल! तशी तीही दातांच्या डॉक्टरकडे कितीदा हजर राहिली होती; म्हणून काही लोकांचे दात उपटत सुटली नव्हती. पण मालकांपुढे तिने हात टेकले.

साडूंनी वरच्या खोलीत बस्तान बसवलं. अकाउंटंट, स्टोअरकीपर, मिस्त्री, खुद्द मालक, सगळे पाळीपाळीने त्यांच्यासमोर बसून आले. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मला मोठा भाऊच समजा. आपल्या दोघांतच राहील हं सगळं."

तिचं डोकं फिरलं. पण माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. स्वतः चहा ओतून द्यायचे, मान डोलावत ऐकायचे. दुसऱ्या खेपेला ती दमली होती. सकाळीच पांढऱ्या रंगाची एक बॅच पिवळट आली होती. आणि ती बोलून गेली, की मिस्त्रींना काही सांगायचं असलं की ती आधी बाथरूमची कडी लावून ती वाक्यं म्हणून बघते.

"अस्सं," साडू मायेने म्हणाले.

सोमवारच्या बैठकीत त्याच बॅचचा विषय निघाला. तिने घसा खाकरला.

"बोला, बोला," मालक हसत म्हणाले. "बाथरूममध्ये तालीम झालीय ना?"

कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी मान खाली घातली. लाजेने तिचे कान तापले, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, साहेब?"

या वाक्याची तालीम झालेली नव्हती. मालकांनी साडूंकडे पाहिलं. साडू चहात बिस्कीट बुडवत होते.

"अहो, त्यात लाजायचं काय?" ते समजूत घालत म्हणाले. "साहेबांचंच बघा. मुलाला फोन लावायचा धीर होत नाही, म्हणून बायकोला लावायला सांगतात आणि स्वतः दाराआड उभं राहून ऐकतात. हो की नाही?"

मालकांचा चेहरा उतरला. मुलगा भांडून गेला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाराआडचं कुणालाच नव्हतं. अकाउंटंटने खुर्ची हळूच मागे सरकवली. स्टोअरकीपर छताकडे बघत बसला. आपण त्या खोलीत काय काय बोलून बसलो, हे जो तो आठवत होता.

"मिस्त्री, त्या बॅचच्या आधी भांडं धुतलं नव्हतं," ती म्हणाली. आता लपवायला उरलंच काय होतं!

"नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "चुकलं. आज माझ्यासमोर धुऊन घेतो."

संध्याकाळी मालक तिच्या टेबलाशी आले. एक शेडकार्ड उचलून त्यांनी उगाचच उलटंसुलटं केलं.

"त्या तुमच्या बाई... खरंच कुणाला सांगत नाहीत?"

"तसं लिहून देतात."

"नातेवाइकांनासुद्धा?"

"कुणालाच नाही, साहेब."

बाहेर साडू वॉचमनच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. वॉचमन मन मोकळं करत होता. मालकांनी तिकडे पाहिलं आणि कार्ड खाली ठेवलं.

"दोघांसाठी विचारा," ते म्हणाले. "माझी वेळ वेगळी."