असेल, नसेलही

औषधाच्या दुकानात बसणारा माणूस थोडा शंकेखोर असलेलाच बरा. पण तिच्या नवऱ्याची शंका गिऱ्हाईक निघून गेल्यावर सुरू व्हायची. पाच मिलिग्रॅमची गोळी दिली की पन्नासची? म्हाताऱ्याला दिली ती रक्तदाबाचीच होती ना? दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत त्याच्या मनात दोन-तीन माणसं मेलेली असायची. गल्लीने त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं. हसायला गल्लीच्या बापाचं काय जातं!

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत कामाला होती. मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण सोळा वर्षांपूर्वी एका पहाटे नवरा एका गिऱ्हाईक बाईच्या दारात जाऊन उभा राहिला, ती जिवंत आहे का ते बघायला. मग हिने नोकरी सोडली आणि दुकानात त्याच्या शेजारी स्टूल टाकलं. तो गोळ्या काढायचा, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडून खूण करायची. तरी घरी आल्यावर होतंच.

"अगं, बरोबर दिलं ना सगळं?"

"बरोबर दिलंत."

"नक्की?"

"नक्की."

आधी दोनदा, मग दहादा, मग ताटातलं गार होईपर्यंत. नातेवाईक म्हणायचे, बायको असावी तर अशी, नवऱ्याला तळहातावरच्या फोडासारखं जपते. तिलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला?

शेवटी नणंदेने दोघांना एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई तरुण, हुशार, आवाज मऊ. त्यांनी फळ्यावर एक गोल काढला. शंका, भीती, विचारणं, दिलासा, आणि फिरून शंका. मग 'दिलासा' या शब्दावर पेन टेकवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हा आजार दिलाशावर जगतो. तुम्ही प्रेमानेच दिलात हो, पण पोसलात तो आजारच."

सोळा वर्षांचा निकाल असा दीड वाक्यात लागला. गाडीत नणंद म्हणाली, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. पण तुम्ही आधीच जरा कणखर राहिला असतात तर..." नोकरी सोडायची वेळ आली तेव्हा "नवऱ्यापेक्षा कवळ्या मोठ्या का?" असं विचारणारी नणंद ती हीच. वहिनीला असा संताप आला की तिने घरापर्यंत खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवसापासून एकच प्रश्न तिला कुरतडू लागला: मी याला सांभाळलं, की बिघडवलं?

उपचार सोपा होता, म्हणजे सांगायला. गोळ्या चिठ्ठीशी एकदाच ताडायच्या, गिऱ्हाइकाला द्यायच्या, आणि जीव कितीही घाबरला तरी पुन्हा विचारायचं नाही. त्याने विचारलंच, तर बायकोने एवढंच म्हणायचं: "असेल, नसेलही." शंका उशाशी घेऊन बसायला शिकला की भीती आपोआप ओसरते म्हणे. बाईंनी ते वाक्य कागदावर लिहूनसुद्धा दिलं.

तिसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्याच्या हृदयाच्या गोळ्यांवरून कहर झाला. गोळ्या बरोबर होत्या, तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. नवरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला, हात जोडून, लहान मुलासारखा रडत.

"एकदाच हो म्हण. एकदाच गं!"

"असेल, नसेलही."

"तुला दया कशी येत नाही?"

दया येत होती म्हणूनच तिने नळ पूर्ण सोडला, त्याचं रडणं कानावर पडू नये म्हणून. बादली भरून वाहिली, मोरी तुंबली, तरी तिने नळ बंद केला नाही. तासाभराने त्याचा तोच शांत झाला.

सहा महिन्यांत माणूस बरा झाला. खरंच बरा झाला, त्यात खोट काढायला जागा नाही. शेवटच्या भेटीत बाईंनी त्याचा हात हातात घेतला, "हे यश पूर्णपणे तुमचं." मग तिला म्हणाल्या, आता दुकानात शेजारी बसणं बंद करा, नाहीतर जुनी सवय डोकं वर काढेल. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर खोकल्याच्या औषधाचा खोका होता. गरज सरो, वैद्य मरो.

ती जुन्या कार्यशाळेत गेली. मालक ओळखून उठला. "काय हात होता हो तुमचा!" म्हणाला, आणि काचेआडचं यंत्र दाखवलं. त्यात एक कवळी आपली आपण कोरली जात होती. पाचच मिनिटं थांबून ती निघाली.

संध्याकाळी नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता. तिने चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"अहो, मी तेव्हा नोकरी सोडून तुमच्याजवळ बसले, ते बरोबर केलं ना?"

त्याने पेपर खाली ठेवला. तिच्याकडे मायेने पाहिलं, अगदी त्या बाई पाहायच्या तसं.

"असेल," तो म्हणाला, "नसेलही."

चेष्टा असती तर तिने भांडून घेतलं असतं. पण त्याला खरोखरच तिचं भलं करायचं होतं.

"अहो, मी आजारी नाही. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मलाही तसंच वाटायचं. थांब थोडी, आपोआप ओसरेल."

ती आत गेली, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला आणि बाहेर आली.

"पण बरोबर केलं ना मी? एकदाच सांगा."

तो उठला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि स्वयंपाकघरात गेला. तिला नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला.