ठोक्याच्या आत

भाचीच्या हृदयाला छिद्र आहे, एवढं डॉक्टरांना ठाऊक होतं. ते केवढं आणि नेमकं कुठे, हे एमआरआय स्कॅनवर कळत नव्हतं, कारण चार वर्षांची पोर श्वास रोखून धरणार कशी? दर वेळी चित्र पुसट. भूल द्यावी, तर ती तिच्या हृदयाला झेपेल याची खात्री नव्हती. राहता राहिलं एकच, हलतं हृदय हलतानाच बघायचं.

स्कॅनचं यंत्र चित्र काढत नाही. ते शरीरातून येणारे संकेत टिपतं आणि त्यांतून चित्र उभं करतं ते गणित, द्विमितीय फूरिए रूपांतर. हे गणित माझं काम. संकेत झटपट मिळत होते, गणितच रेंगाळत होतं. पुढच्या ठोक्याआधी चित्र तयार झालं, तरच उपयोग.

आमचे प्रमुख, म्हणजे पाठीमागे सगळ्यांचे पंतोजी, सरळ बेरजेवर अडून बसलेले. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी सगळे संकेत पहिल्यापासून मोजायचे.

"उत्तर बरोबर तरी येतं," ते म्हणाले.

"येतं ना सर, पण तोवर चहा पिऊन कपसुद्धा विसळून होतात."

खरंच होत होते. दुसरी पद्धत चादरीच्या घडीसारखी. आधी सगळ्या आडव्या ओळी, मग उभ्या. प्रत्येक ओळीचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, आणि एकदा केलेली बेरीज पुन्हा करायची नाही. मी दोन्ही पद्धतींची शर्यत लावली. दुसरीला लागलेला वेळ आला शून्य. मी हवेत.

पंतोजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "शून्य वेळात फक्त कामचुकाराचंच काम होतं. चित्र दाखव बघू."

चित्र नव्हतंच. शर्यतीच्या प्रोग्रॅममध्ये मी उत्तर पुढे कुठे वापरलंच नव्हतं, त्यामुळे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने बिनकामाचं समजून अख्खं गणित गाळून टाकलं होतं. माझं तोंड एवढंसं झालं. उत्तर पडद्यावर उमटवायला लावून पुन्हा मोजलं. आता शून्य नव्हतं, पण पापणी लवायच्या आत चित्र हजर. दोन्ही पद्धतींची चित्रं ताडून पाहिली. हुबेहूब सारखी.

"एवढ्या बेरजा वगळल्या," पंतोजी हळू आवाजात म्हणाले, "आणि हरवलं काहीच नाही." एरवी मी त्यांना टोमणा मारला असता. त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला होता. ही युक्ती मी शोधलेली नाही, नुसती वापरली. तरी वाटलं, जगात इतकी काटकसर आधीपासून दडलेली होती आणि आपण उगाच राबत होतो.

स्कॅनच्या दिवशी काचेअलीकडे डॉक्टर, ताई आणि मी. यंत्रात निजवलेल्या भाचीचं मुसमुसणं स्पीकरवर ऐकू येत होतं. पडद्यावर तिचं हृदय उघडत होतं, मिटत होतं, भेदरल्यासारखं धावत होतं. छिद्राची कड स्वच्छ दिसत होती. डॉक्टर त्यावर बोट ठेवून म्हणाले, "सापडलं. भूल नको."

ताईने ते ऐकलंच नाही. ती माइकवर वाकली. "मी इथेच आहे गं, सोनू."

आणि आमच्या डोळ्यांदेखत ते हृदय संथ झालं.